गच्चीची आचारसंहिता

इमारतीची वार्षिक सभा दरवर्षी खाली पार्किंगमध्ये भरायची आणि भरली आहे हे कुणाच्या लक्षात येण्याआधी संपायची. खुर्च्या कुणी आणत नसे, कारण खुर्ची आणली की बसावं लागतं आणि माणूस बसला की विषय निघतात. सगळे एक पाय जिन्याकडे ठेवून उभे राहत. तिसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी विचारत, "पुढच्या वर्षासाठी आणखी कुणी इच्छुक?" मग एकजण खोकायचा, दुसरा मोबाइलमध्ये बघायचा, आणि सेक्रेटरी मोठ्या त्यागाचा चेहरा करून म्हणायचे, "बरं, मग मीच." असा हा त्याग कित्येक वर्षं बिनविरोध चालला होता.

त्या वर्षी खोकणाऱ्याने घसा साफ करायच्या आतच मागून आवाज आला, "मी आहे इच्छुक."

सगळ्यांनी वळून पाहिलं. एक बाई हात वर करून उभ्या होत्या. वळून पाहणाऱ्यांत त्यांचे यजमानही होते आणि सर्वांत जास्त तेच दचकले होते.

या यजमानांना इमारतीत पोटकलम म्हणत. कायद्याची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनात ते मुद्रितशोधक होते, म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायचं काम करत. कायदा संसदेत होत असला तरी तो शुद्ध आपल्या टेबलावर होतो, असं ते चारचौघांत नम्रपणे सुचवत. "त्याला एक पोटकलम आहे" असं म्हटल्याशिवाय त्यांचं एकही वाक्य संपत नसे. म्हणूनच आपल्याला हे नाव पडलं, असा त्यांचा समज होता. इमारतीने ते नाव त्यांच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर पडणारा ताण बघून दिलं होतं. पण एवढ्या चांगल्या समजाला धक्का लावणं प्रत्येकाच्याच जिवावर आलं होतं.

बाई उभ्या राहिल्या त्या गच्चीसाठी. पोटकलमांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराला खिडक्या भरपूर होत्या आणि त्या सगळ्या शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत. पोटकलमांच्या आईचं मांडीचं हाड मोडून जुळलं होतं आणि डॉक्टरांनी तिला रोज ऊन घ्यायला सांगितलं होतं. ऊन समोरच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात सकाळी क्षणभर दिसायचं. आई खिडकीशी बसून त्याची वाट बघायची. "आलं," म्हणायची, आणि कुणी धावत येईपर्यंत, "गेलं."

लिफ्ट थेट वरच्या मजल्यापर्यंत जायची. तिथून चार पायऱ्या चढल्या की गच्चीचं दार, दाराला कुलूप, आणि कुलपाची किल्ली सेक्रेटरींच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात ओवलेली. गच्चीवर एकच वस्तू होती: सेक्रेटरींची कॅनव्हासची आरामखुर्ची. बाईंनी किल्ली मागून पाहिली होती. सेक्रेटरी म्हणाले होते, "सुरक्षेचा प्रश्न आहे, वहिनी."

"कुणाच्या?"

"गच्चीच्या."

त्या उत्तरावर बाई महिनाभर धुमसत होत्या आणि आता पार्किंगमध्ये पेटल्या होत्या.

"म्हणजे आता निवडणूक घ्यावी लागणार," चौथ्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले. घरात कुणाचं ऑपरेशन निघावं तसा त्यांचा सूर होता.

"घ्यायची कुणी पण?" पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाईंनी विचारलं, आणि मग त्यांनाच सुचलं. "अहो, आपल्याकडे कायद्याचा माणूस आहे की!"

सगळे पोटकलमांकडे बघू लागले. बाईही बघू लागल्या, पण वेगळ्या नजरेने. "अहो, नाही म्हणा," त्या दात आवळून म्हणाल्या. पोटकलम नाही म्हणणारच होते. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, "नको, नको, त्यांना कशाला कोड्यात टाकता. घरचा मामला. माणूस पाघळतो."

पाघळतो! पोटकलमांच्या कानशिलांवर रक्त चढलं. ज्या माणसाने मालमत्ता हस्तांतरणाचं जाडजूड पुस्तक तापात तपासून दिलं, त्यात स्वतःच्या सासऱ्यांचा खटला उदाहरण म्हणून आलेला असताना एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही, तो पाघळतो?

"मी निवडणूक अधिकारी व्हायला तयार आहे," ते म्हणाले. "आणि निवडणूक कायद्याप्रमाणे होईल. देशाची होते तशी."

"अरे बाप रे," विमावाले म्हणाले, आणि दुसरा पायही जिन्याकडे नेला.

"मला वाटलं होतं, तुम्ही माझा प्रचार कराल," घरी आल्यावर बाई म्हणाल्या.

"मी आता कुणाच्याच बाजूचा नाही."

"आधी होतात?"

या प्रश्नाचं उत्तर देणं पदाला शोभणारं नव्हतं, म्हणून पोटकलम आतल्या खोलीत जाऊन आचारसंहिता लिहायला बसले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. निवडणूक कायद्याचं जाडजूड पुस्तक त्याच वर्षी प्रकाशनात आलं होतं आणि ते दोघा मुद्रितशोधकांत वाटलं गेलं होतं. पहिला अर्धा भाग पोटकलमांकडे होता. त्यांचं शेवटचं पान संपलं ते अशा ओळीवर: "मते समसमान पडल्यास विजयी उमेदवार सोडतीने ठरविण्यात यावा, सदर सोडत". पुढचं पान शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे गेलं. दुसऱ्याच्या पानात डोकवायचं नाही, त्याबद्दल विचारायचंही नाही, ही त्या खात्यातली जुनी शिस्त होती. त्यामुळे निवडणूक कायद्याबद्दल पोटकलमांना त्या शब्दापर्यंतचं सगळं ठाऊक होतं आणि त्यापुढचं काहीही ठाऊक नव्हतं. देशातल्या बऱ्याच जाणकारांपेक्षा ही स्थिती पुष्कळच बरी होती.

आचारसंहिता त्यांनी लिफ्टच्या आतल्या बाजूला चिकटवली. ती लांबलचक होती आणि लिफ्ट जुनी असली तरी तेवढी हळू नव्हती. त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्यांना फक्त प्रस्तावना पाठ झाली, दुसऱ्यावरच्यांना लाचेपर्यंतची कलमं समजली आणि पूर्ण आचारसंहिता विमावाल्यांच्या मजल्यालाच माहीत होती. इमारतीत त्यावरून वाद होऊ लागले. दंतवैद्य बाईंनी तक्रार केली, की आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो म्हणून आम्हाला कायद्यापासून वंचित ठेवलं जातं. पोटकलमांनी तक्रार नोंदवून घेतली आणि त्यांना एकदा चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन येण्याची लेखी परवानगी दिली.

पहिलं कलम असं होतं, की सत्तेतल्या उमेदवाराने पदाची साधनं प्रचारासाठी वापरू नयेत. ते घेऊन पोटकलम सेक्रेटरींच्या दारात उभे राहिले.

"साधनं? माझ्याकडे कसली साधनं?"

"गळ्यात आहे ते."

सेक्रेटरींनी किल्ली मुठीत धरली. "ही काढायची? अंघोळीलासुद्धा काढत नाही मी."

"निकाल लागेपर्यंत ती निवडणूक अधिकाऱ्याच्या ताब्यात राहील."

बरीच वादावादी होऊन किल्ली निघाली. ती निघाल्यावर सेक्रेटरींची मान किती लांब आहे ते इमारतीला प्रथमच दिसलं. पोटकलम किल्ली घेऊन घरी आले तेव्हा बाई दारातच होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याकडे इतक्या कौतुकाने क्वचितच पाहिलं असेल.

"आणा इकडे! आईंना उद्या सकाळीच वर नेते."

"असं कसं?" पोटकलम म्हणाले. "ही जप्तीतली वस्तू आहे. तू उमेदवार आहेस. तुझ्या हातात दिली तर तो पक्षपात होईल."

"मग तुम्ही न्या आईला."

"मी उमेदवाराचा नवरा आहे. लोक काय म्हणतील?"

त्यांनी किल्ली पाकिटात घातली, लाख लावली आणि पाकीट कपाटात ठेवलं. बाईंच्या चेहऱ्यावरचं कौतुक जसं आलं तसं गेलं. खिडकीशी बसलेली आई शांतपणे म्हणाली, "आलं होतं. गेलं."

मग चिन्हवाटप झालं. बाईंना सूर्य हवा होता. पोटकलमांनी तो नाकारला, कारण सूर्य या इमारतीत सर्व मतदारांना समान उपलब्ध नाही. सेक्रेटरींना किल्ली हवी होती. तीही नाकारली गेली. शेवटी बाईंना किटली मिळाली आणि सेक्रेटरींना शिडी. दोन्ही चिन्हं पोटकलमांनी निरुपद्रवी म्हणून निवडली होती. आपल्या आयुष्यातली सर्वांत उपद्रवी निवड आपण केली आहे, हे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

कारण दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यात पेशंटसमोर चूळ भरायच्या कोमट पाण्याची एक किटली कायम असायची. सेक्रेटरींनी ताबडतोब हरकत घेतली, की हा उघड प्रचार आहे. पोटकलमांनी वस्तुस्थितीची पाहणी केली. किटली होती. ती चमकत होती. ती एका मतदारासमोर होती, आणि तो मतदार तोंड उघडं ठेवून तिच्याकडे एकटक बघत होता. पोटकलमांनी किटली झाकायचा आदेश दिला. दंतवैद्य बाईंनी तिच्यावर टॉवेल टाकला. मग इतर घरांतल्याही किटल्या झाकाव्या लागल्या, कारण कायद्यापुढे सगळ्या किटल्या समान. झाकलेली किटली बघितली की लोकांना बाईंचीच आठवण येऊ लागली आणि सेक्रेटरींनी दुसरी तक्रार केली, की झाकल्यामुळे प्रचार वाढला.

त्याच संध्याकाळी जिन्यातला दिवा गेला. वायरमन आला. आता वायरमन शिडीशिवाय येत नाही, यात वायरमनचा काही दोष नाही. पण पोटकलम फाटकातच आडवे आले.

"शिडी आत येणार नाही."

"मग दिवा?" वायरमन म्हणाला.

"दिव्याला हरकत नाही. शिडीला आहे. ते एका उमेदवाराचं चिन्ह आहे."

वायरमनने शिडीकडे पाहिलं, पोटकलमांकडे पाहिलं, आणि आपण या इमारतीत गेली कित्येक वर्षं येतो आहोत, पण असं कधी झालं नव्हतं, याचा विचार करत तो शिडी घेऊन निघून गेला. जिन्यात अंधार राहिला. त्या अंधारात, प्रचारासाठी दारोदार हिंडताना, खुद्द शिडीचे उमेदवार दोन पायऱ्या चुकले आणि त्यांचा घोटा सुजला.

झालं! बघता बघता हवा फिरली. काल ज्यांना सेक्रेटरी डोळ्यांसमोर नको होते, ते त्यांना बघायला जाऊ लागले. सेक्रेटरी पाय उशीवर ठेवून म्हणत, "माझं काही नाही हो, इमारतीचं कसं होणार याची काळजी वाटते," आणि लोक डोळे पुसत बाहेर पडत.

"सहानुभूतीवर काही कलम नाही का?" बाईंनी विचारलं.

"सहानुभूतीला बंदी नाही," पोटकलम म्हणाले.

"मग मी पण पडू का जिन्यात?"

"स्वतःहून पडणं हा मतदारांवर अनुचित प्रभाव ठरेल."

"तुम्हाला ढकलू का मग?"

विमावाले त्या सुमारास रोज यायचे आणि दोघांनाही सल्ला देऊन जायचे. बाईंना म्हणायचे, "वहिनी, आक्रमक व्हा." तिसऱ्या मजल्यावर जाऊन सेक्रेटरींना म्हणायचे, "तुम्ही फक्त कण्हत राहा." पोटकलमांना त्यांनी एकट्याला गाठून सांगितलं, "साहेब, खरं सांगू? तुम्ही जरा पाघळलात तर सगळ्यांचंच बरं होईल." हा शब्द दुसऱ्यांदा कानावर पडल्यावर पोटकलमांनी ठरवलं, की आता दगड व्हायचं.

ती संधी लगेच आली. सेक्रेटरींनी लेखी तक्रार दाखल केली: किटलीच्या उमेदवार दररोज दोन मतदारांना दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता आणि चहा मोफत पुरवतात. ही उघड लाच आहे. मतदार क्रमांक एक: निवडणूक अधिकारी. मतदार क्रमांक दोन: त्यांच्या मातोश्री.

पोटकलमांनी तक्रार वाचली. परत वाचली. तीत त्यांना एकही चूक सापडली नाही, आणि चूक न सापडणं हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत दुःखाचा प्रसंग असायचा. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन बायकोच्या हातात नोटीस दिली.

बाईंनी हात पुसून नोटीस वाचली. ओरडल्या नाहीत. हेच वाईट होतं. "अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला जेवायला घालते ती लाचच आहे. इतकी वर्षं देतेय, कामं काही होत नाहीत." त्यांनी पोटकलमांचं ताट उचलून फडताळात ठेवलं.

"तात्पुरतं," पोटकलम म्हणाले. "निकाल लागेपर्यंत."

"आणि आई?"

"आईलाही नियम तोच."

"मी घेते लाच," आई खिडकीशी बसूनच म्हणाली. "वाढ गं. जरा जास्तच वाढ."

पोटकलमांनी आईला समज दिली, की लाच घेणाराही तितकाच दोषी असतो. आई म्हणाली, "मग दे नोटीस. चष्मा नाही माझ्याकडे, तूच वाचून दाखव, मी तोवर जेवते."

त्या दिवसापासून पोटकलम सकाळी पाव आणि रात्री उकडलेलं अंडं खाऊ लागले. अंडं ते स्वतः उकडत. पहिलं कच्चं राहिलं, दुसरं फुटलं, तिसऱ्याच्या वेळी पाणीच संपलं आणि भांडं जळलं. इमारतीत कुणी त्यांना चहा विचारेना, कारण चहा किटलीतून येतो आणि किटली झाकलेली होती. ज्या माणसाने इमारतीला कायदा शिकवला, तो जिन्यातल्या अंधारात पाव खात बसला होता. यात अन्याय कुणाचा होता ते त्यांना नीट सांगता येत नव्हतं. पण झाला होता, एवढं पक्कं होतं. तिसऱ्या बटणावरचा ताण मात्र कमी झाला. त्याची दखल कुणी घेतली नाही.

मतदानाआधी अठ्ठेचाळीस तास प्रचारबंदी लागली. या काळात उमेदवाराने मतदारांशी प्रचाराचं बोलू नये. बाईंनी धोका नको म्हणून काहीच बोलायचं नाही असं ठरवलं. इमारतीत त्या सगळ्यांकडे बघून हसत, फक्त घरात हसतही नसत. पोटकलमांनी समजावलं, की घरगुती विषयांवर बोलायला कायद्याची हरकत नाही. बाईंनी पाटीवर खडूने लिहून दाखवलं: "तुम्ही मतदार आहात."

मतदानाच्या दिवशी वेगळाच पेच आला. मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत उमेदवाराने घोटाळायचं नाही. केंद्र पार्किंगमध्ये होतं आणि इमारत कुठल्याच दिशेने शंभर मीटर नव्हती. म्हणजे दोन्ही उमेदवारांना दिवसभर स्वतःच्या घरातही राहता येईना. पोटकलमांनी दोरीने रस्ता मोजला. हद्द संपत होती ती लॉन्ड्रीपलीकडच्या बसथांब्यावर. तिथे एकच बाक होता. किटली आणि शिडी त्या बाकाच्या दोन टोकांना बसून राहिल्या. सेक्रेटरींचा सुजलेला पाय मध्ये, बाईंच्या पिशवीवर ठेवलेला. जाणाऱ्या प्रत्येक बसचा कंडक्टर विचारायचा, "येताय का?" आणि दोघंही खिन्नपणे मान हलवायचे.

आता राहिलं पोटकलमांचं स्वतःचं मत. कुणीही शहाण्या माणसाने ते समोरच्या पेटीत टाकलं असतं. पेटी त्यांच्या गुडघ्याला लागत होती. पण निवडणुकीच्या कामावर असलेल्या कर्मचाऱ्याने टपालाने मतदान करायचं असतं, हे त्यांनी स्वतः तपासलेल्या पानांवर होतं. त्यामुळे त्यांनी चार दिवस आधीच मतपत्रिका पाकिटात घालून, त्यावर स्वतःचाच पत्ता लिहून, तिकीट लावून, कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकली होती. ती यायची होती.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मतमोजणी झाली. विमावाले खांबाच्या मागे उभे राहिले आणि आपल्याला खांबामुळे दिसत नाही, अशी लेखी तक्रार त्यांनी दिली. पोटकलमांनी एकेक चिठ्ठी उघडून वाचली. किटली, शिडी, शिडी, किटली. शेवटची चिठ्ठी उघडली तेव्हा पार्किंगमध्ये इतकी शांतता होती, की झाकलेल्या किटल्यांच्या वाफासुद्धा ऐकू याव्यात.

दोघांनाही समसमान मतं पडली होती.

"आणि टपाली मत?" दंतवैद्य बाईंनी विचारलं.

"आलेलं नाही. मोजणी संपली. आता आलं तरी ते उघडता येणार नाही, तसंच मोहोरबंद ठेवावं लागेल."

ते बोलत असतानाच फाटक वाजलं. पोस्टमन. "उशीर झाला आज," तो म्हणाला आणि पोटकलमांच्या हातात एक पाकीट ठेवून गेला. पाकिटावर पोटकलमांच्याच सुवाच्य अक्षरात पोटकलमांचं नाव होतं.

सगळे पाकिटाकडे बघत होते. बाई बसथांब्यावरून परत आल्या होत्या. अठ्ठेचाळीस तासांनंतर त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, आणि ते सगळ्या पार्किंगने ऐकलं.

"पेटी तुमच्या गुडघ्याला लागत होती!"

"नियम..."

"पोस्टाने! खालच्या मजल्यावर! पोस्टाने!" त्यांचा आवाज फुटला. "कुणाला दिलं होतं, तेवढं तरी सांगा."

"मतदान गुप्त असतं," पोटकलम म्हणाले. पाकीट त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात घातलं.

"मग सोडत काढा आता आणि किल्ली द्या माझी," सेक्रेटरी बाकावर बसून अवघडलेली कंबर चोळत म्हणाले.

"सोडत उद्या सकाळी," पोटकलम म्हणाले. "ती सर्व मतदारांना दिसेल अशा मोकळ्या जागी व्हायला हवी. इथे खांब आहेत. तक्रार आलेली आहे." विमावाल्यांनी खांबामागून मान डोलावली.

"मोकळी जागा इमारतीत आहे कुठे?"

"गच्ची," पोटकलम म्हणाले. म्हणाले आणि स्वतःच थोडे चमकले, कारण दुसरं काही उत्तर खरोखरच नव्हतं.

सकाळी लाख फोडून किल्ली निघाली. सर्व मतदार हजर हवेत म्हणून आईलाही न्यावं लागलं. लिफ्टने वरच्या मजल्यापर्यंत आणि तिथून चार पायऱ्या खुर्चीत बसवून. खुर्ची एका बाजूने बाईंनी धरली आणि दुसऱ्या बाजूने विमावाल्यांनी, ज्यांना उचलता उचलता आईला विम्याचा हप्ता विचारायचा मोह आवरला नाही. दार उघडलं. गच्चीवर ऊन नुसतं पसरलं होतं, कुणाच्या भिंतीची परवानगी न घेता. आईला कॅनव्हासच्या आरामखुर्चीत बसवलं. सेक्रेटरींनी तोंड उघडलं, पण मतदार वयस्क होत्या.

पोटकलमांनी दोन चिठ्ठ्यांना घडी घातली. त्या ठेवायला भांडं हवं होतं. कुणीतरी किटली पुढे केली. ती अर्थातच चालणार नव्हती. दंतवैद्य बाईंनी चूळ भरायचा पेला आणला. त्यावर दातांच्या डॉक्टरचं नाव होतं, आणि त्या डॉक्टर मतदार होत्या. शेवटी विमावाल्यांनी आपली टोपी काढली.

पोटकलमांनी चिठ्ठ्या टोपीत टाकल्या, टोपी हलवली आणि हात आत घातला.

तेव्हा त्यांची नजर आईकडे गेली. आई डोळे मिटून, तोंड वर करून बसली होती. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर उलटे ठेवले होते, तळवे वर, जणू ऊन हातात झेलायचं होतं. तिच्या ओठांवर "आलं" होतं. "गेलं" म्हणायची तिला घाई नव्हती.

पोटकलमांची बोटं टोपीत दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये थांबली. त्यांना आपलं शेवटचं पान आठवलं. पानाच्या तळाची ओळ. "सदर सोडत", आणि पुढे काही नाही.

त्यांनी हात बाहेर काढला. रिकामा.

"सोडत तहकूब," ते म्हणाले.

"काय?" सेक्रेटरी ओरडले. "का?"

"टोपी मतदाराची आहे. पक्षपाताला जागा राहते. योग्य भांडं मिळेपर्यंत सोडत उद्यावर. याच जागी, सर्व मतदारांसमोर."

"आणि उद्याही नाही मिळालं तर?"

"तर परवा."

"अहो, पण याला काही मुदत असेल ना कायद्यात!"

"असेल," पोटकलम शांतपणे म्हणाले. "पण ती माझ्या पानांत नाही. माझं पान 'सदर सोडत' इथे संपतं."

"मग ज्याच्याकडे पुढचं पान आहे त्याला विचारा! तुमच्या शेजारच्या टेबलावर बसतो ना तो?"

पोटकलमांनी सेक्रेटरींकडे असं पाहिलं, की फाटकात शिडी अडवतानाही त्यांनी वायरमनकडे तसं पाहिलं नव्हतं. "दुसऱ्याच्या पानाबद्दल विचारायचं? आमच्याकडे तशी पद्धत नाही. आणि तोपर्यंत आचारसंहिता लागू, किल्ली माझ्या ताब्यात आणि गच्ची मतदारांसाठी खुली."

"हे आईसाठी चाललंय तुमचं! पाघळलात तुम्ही!"

पोटकलम संतापाने लालबुंद झाले. "मी? मी पाघळलो? एका शब्दाने तरी नियम मोडलाय का मी? दाखवा! दाखवा कुठलं कलम मोडलं ते!" आणि कुणालाच दाखवता येईना, कारण मोडलेलं कलम सापडायला पूर्ण आचारसंहिता वाचलेली असायला हवी होती, आणि विमावाले तेव्हा आपली टोपी परत डोक्यावर बसवण्यात गुंतले होते.

बाई खाली जाऊन किटली भरून घेऊन आल्या. टॉवेल काढला. सगळ्यांना चहा दिला, सेक्रेटरींना सर्वांत आधी, त्यांचा पाय बघून. पोटकलमांसमोर येऊन त्या थांबल्या.

"तुम्हाला चालायचं नाही. लाच होईल."

पोटकलमांनी कपाकडे पाहिलं. वाफ निघत होती. पाव आणि उकडलेल्या अंड्यांचे दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून गेले.

"मतदान होऊन गेलं आहे," ते घसा साफ करत म्हणाले. "मतदानानंतर चहा घेऊ नये असं माझ्या पानांत कुठेही नाही."

बाईंनी कप त्यांच्या हातात दिला, आणि देताना क्षणभर सोडला नाही. "त्या पाकिटातलं मत," त्या हळूच म्हणाल्या, "किटलीला होतं ना?"

"गुप्त," पोटकलम म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि कानांना गुप्ततेचा कायदा लागू नव्हता.

आरामखुर्चीतून आईने डोळे न उघडता हाक मारली, "अरे, ऐकतोस का?"

"काय गं?"

"उद्या जरा लवकर तहकूब कर. ऊन सरकतं."